बोअरमध्ये टाकलेला खडा

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, होळीच्या आधीच्या आठवड्यात, माझ्या वडिलांनी आमच्या शेतातल्या बोअरमध्ये खडा टाकला, पाइपाच्या तोंडाला कान लावला आणि उठून बोअर कोरडा पडल्याचं सांगितलं. त्याच दिवशी त्यांनी मोसंबीची बाग तोडायचं ठरवलं. बोअरमध्ये पाणी होतं.

पहिल्या दोन गोष्टी माझ्यासमोर घडल्या. तिसरी काही दिवसांनी दोरीनं सिद्ध झाली.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, उमापूरच्या रस्त्यावरून आत. मी तेव्हा बीडला एका दैनिकाच्या कार्यालयात तालुक्यांच्या बातम्या नीट करून लावायचं काम करत असे आणि सणाला चार दिवस गावी आले होते. बागेला शेजारच्या विहिरीचं पाणी मिळत होतं, ते माघात बंद झालं. आमच्या बोअरची मोटार आदल्या उन्हाळ्यात वर काढून ठेवली होती. तेव्हा पाणी तुटक येत होतं आणि मोटार कोरड्यावर चालली तर जळते. आता आशा त्याच बोअरची होती. त्यात पाणी साचलं असेल तर बाग जगणार होती. नसेल तर झाडं उभी वाळण्याआधी लाकूड म्हणून द्यावी, असा वडिलांचा हिशेब होता. त्या हंगामात आमच्या शिवारात बऱ्याच जणांनी तेच केलं होतं.

बोअर ऐकायची आमच्याकडे एक ठरलेली रीत आहे. मोटार परत खाली सोडायची तर तीन पायांची लोखंडी घोडी, साखळीची कप्पी आणि चार माणसं लागतात. म्हणून आधी पाणी आहे का ते बघतात. बघतात म्हणजे ऐकतात. पाइपावरचं टोपण काढायचं, जांभळाएवढा खडा सोडायचा आणि कान लावून थांबायचं. खडा टकटक आपटत खाली जातो. पाणी असेल तर शेवटी डुबुक असा बारीक आवाज येतो. नसेल तर गाळात बसल्याचा दबका आवाज येतो, किंवा काहीच येत नाही. ऐकणारा एकटाच असतो, ज्याचा बोअर तो. बाकीचे लांब उभे राहतात, मोटारसायकल बंद करतात, म्हशीच्या गळ्यातली साखळी हातात धरतात, खोकला दाबतात. मालकानं सांगितलं की विषय संपला. दुसऱ्याच्या बोअरमध्ये कुणी खडा टाकत नाही. खड्यांनी बोअर बुजतो, असं कारण सांगतात. न सांगितलेलं कारण असं की मालकानं ऐकल्यावर पुन्हा खडा टाकणं म्हणजे त्याच्या शब्दावर संशय घेणं.

वडिलांच्या कानावर संशय घ्यायचं तर कुणाच्या मनातही आलं नसतं. ते सहकारी साखर कारखान्यात ऊस पिळण्याच्या विभागात फिटर होते. गाव त्यांना फिटरच म्हणायचं. लोखंडी कांबीचं एक टोक चालत्या यंत्राला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि कोणती बेरिंग जाणार ते सांगायचं, ही त्यांची ख्याती होती. कानात घालायला कापसाचे बोळे मिळत. त्यांच्या पाळीतलं कुणी ते घालत नसे. बोळा घातला तर यंत्र कसं ऐकणार, असं म्हणत. गावातले दोघेजण त्या हिवाळ्यात मुद्दाम त्यांना आपल्या बोअरवर घेऊन गेले होते. मालकानं दुसऱ्याला ऐकायला बोलावण्याचा प्रकार आमच्याकडे एवढाच होत असे, आणि तो फक्त वडिलांच्या बाबतीत.

तर त्या दिवशी ते बोअरपाशी पालथे झाले. खडा सोडला. आई आणि मी बांधावर उभ्या होतो. ते बराच वेळ तसेच राहिले, मग उठले, गुडघ्यांची माती झाडली आणि म्हणाले, "न्हाई." टोपण लावलं. घरी आल्यावर लाकूड तोडणाऱ्यांकडे जाऊन धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी यायचं ठरवून आले. बोअर नाही म्हणजे मोटारही नको. ती उमापूर रस्त्यावरच्या मिस्त्रींना विकायची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कुकर लावून शेजारी गेली. जाताना वडिलांना सांगून गेली की तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. वडील स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते, कुकरपासून हातभर अंतरावर. मी मागच्या अंगणात कपडे धूत होते. शिट्ट्या होत राहिल्या. मोजायच्या सोडून दिल्या तेव्हा मी आत आले. डाळ करपल्याचा वास आला होता आणि कुकर किंचाळत होता. वडील शेंगा फोडत होते.

मी गॅस बंद केला. त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "झालं का?"

हे एवढंच असतं तर लक्षात राहिलं नसतं. पण मी कुकर उतरवत होते तेव्हा ते उठून दाराशी गेले आणि म्हणाले, टँकर आला वाटतं. मला काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं ओढ्याच्या चढावर टँकरच्या इंजिनाची घरघर मलाही ऐकू आली.

ओढ्यापलीकडचा टँकर माझ्या आधी ऐकणारा माणूस हाताजवळची शिट्टी ऐकत नाही. बहिरं म्हणावं तर पहिली गोष्ट बसत नव्हती. लक्ष नव्हतं म्हणावं तर दुसरी. कामाच्या सवयीनं मी आधी आईला विचारलं.

आईचं उत्तर तयार होतं. त्यांचं लक्ष नसतं, म्हणाली. निवृत्त झाल्यापासून आपल्याच तंद्रीत असतात. मी विचारलं, मग तू त्यांना बोलावतेस कशी? तेव्हा तिनं जे सांगितलं ते तिला स्वतःलाही त्या क्षणापर्यंत विशेष वाटलं नव्हतं.

"वाटी आपटते. आवाज दिला तर बघत न्हाईत. वाटी आपटली फरशीवर की बघतेत."

"कधीपासून?"

"कोण ध्यानात ठेवतंय. आधी नुसतं हाक मारत होते. मग जवळ जाऊन. मग वाटी."

ती काही लपवत नव्हती. पायरीपायरीनं सवय होत गेली आणि प्रत्येक पायरी आधीच्या पायरीला लागूनच होती. घरात आणखीही काही बदल झाले होते, ते आम्ही दोघींनी मिळून आठवले. टीव्ही इतका मोठा असायचा की रस्त्यावरून जाणारा माणूस आमच्या ओट्यावर टेकून बातम्या ऐकून जायचा. जेवताना वडील आता भिंतीकडची जागा सोडून आईच्या समोर बसायचे. आईला ते बरं वाटलं होतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे म्हातारपणी का होईना, नवरा तोंडाकडे बघून बोलायला लागला होता.

भाऊ चाकणला एका कंपनीत आहे. त्याला फोन केला. त्याला काहीच जाणवलं नव्हतं. माझ्याशी तर नीट बोलतात, अर्धा अर्धा तास बोलतात, म्हणाला. हे खरं होतं. माझा फोन आला की मात्र वडील "हां, बरं हाय, घे, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकत. हे दोनेक वर्षं चाललं होतं. बीडला एकटी राहून नोकरी करणं त्यांना पटलेलं नाही, असा मी त्याचा अर्थ लावला होता. भावाचा आवाज जाड आहे, माझा बारीक. ही गोष्ट मी तोवर त्या दृष्टीनं कधी पाहिली नव्हती.

गावातही विचारलं. थेट विचारणं शक्य नव्हतं, म्हणून इकडचं तिकडचं बोलत विचारलं. दूध संस्थेचे सचिव भेटले. वडील संस्थेचे संचालक होते. आदल्या दिवाळीनंतरच्या सर्वसाधारण सभेत काय झालं ते सचिवांनी सांगितलं. चाऱ्याची गाडी देवळासमोर उतरवायची की वरच्या आळीत एका संचालकाच्या गोठ्याजवळ, यावर भांडण होतं. वडील देवळाच्या बाजूचे. सगळ्यांना सारखं दिसलं पाहिजे, असं ते महिनाभर घरोघर सांगत होते. सभेत ठराव वाचला गेला तो गोठ्याचा. सचिवांचा आवाज मुळात पातळ, त्यात ते कागदात तोंड घालून वाचतात. सभेच्या रिवाजाप्रमाणे सगळे ओरडले, मंजूर. वडीलही हात वर करून म्हणाले, मंजूर.

"तुमचे वडील फुटले, असंच समदे म्हणत होते बरं का," सचिव म्हणाले. "मी म्हणलं आसंल काहीतरी बोलणं झालेलं. संचालक मंडळात आसं चालतंय."

पुढचे तीन महिने चारा गोठ्याजवळ उतरत होता आणि वडील कोणाशी आतून जुळले यावर पारावर चर्चा होत होती. घरी आल्यावर वडिलांनी आईला सांगितलं होतं की सभा चांगली झाली, देवळाचं झालं. गाडी दुसरीकडे उतरताना बघून त्यांचा समज असा झाला की संस्थेनं ठराव बदलला. ते सचिवांवर चिडून होते. सचिव त्यांना बिलंदर समजत होते.

नारायणगडाच्या वारीचंही तसंच. वडील वर्षातून एकदा तरी गडावर जात. पूर्वी ते कीर्तनाला मागे बसून ओळखीच्यांशी ऊस, पाऊस, भाव असं बोलत राहायचे. अलीकडे ते थेट पुढे, कर्ण्याच्या खांबाशी जाऊन बसत, डोळे मिटून. बरोबरच्या माणसांनी गावात येऊन सांगितलं होतं की फिटरची भक्ती वाढली.

आईसाठी ते तंद्रीत होते, माझ्यासाठी नाराज, संस्थेसाठी फुटलेले आणि गडावर जाणाऱ्यांसाठी भक्त. खुणा सगळ्यांनी पाहिल्या होत्या. प्रत्येकाजवळ आपापला खुलासा होता आणि प्रत्येकाचा खुलासा पुरेसा होता, त्यामुळे कोणी दुसऱ्याला विचारलं नव्हतं. हे इतकं उशिरा का दिसावं, याचंही एक कारण नंतर लक्षात आलं. कारखान्याच्या वसाहतीत सगळेच ओरडून बोलत. गाळपाच्या हंगामात तर बायकाही. तिथे मोठ्यानं बोलणारा माणूस वेगळा दिसत नसे. त्या वर्षी ऊसच नव्हता, म्हणून बॉयलर पेटला नाही. वडील आदल्या हंगामाअखेर निवृत्त होऊन गावी आलेले. गावात विहिरींच्या मोटारी बंद होत्या. चारचौघांत मोठ्यानं बोलणारे तेवढे एकटे उरले.

होळीच्या आदल्या दिवशी मी उमापूर रस्त्यावरच्या दुकानात गेले. तिथले मिस्त्री जळालेल्या मोटारी नवीन तार भरून बांधून देतात. वडिलांचे ते तरुणपणापासूनचे दोस्त. आम्ही भावंडं त्यांना चाचा म्हणतो. दुकानात तांब्याच्या तारेची भेंडोळी आणि वार्निशचा वास. बाहेर दुरुस्तीला आलेल्या मोटारींची रांग, बहुतेक मालकांनी न नेलेल्या. मी कुकरचं सांगितलं. चाचांनी हातातलं काम ठेवलं नाही.

"मला ठाऊक हाय," ते म्हणाले. "दिवाळीच्या आधी एक मोटार चालवून बघत होतो इथं. बेरिंग गेलेली. आसली किंचाळत होती की समोरचा च्यावाला कानात बोटं घालून आला. अन तुझा बाप तिला टेकून बसलेला. मला म्हणतो, कशी गुपचूप चालती बघ."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"कावून सांगू? फिटरला म्हणू तुझा कान गेला? त्यो मला म्हणंल तुझे हात थरथरतेत. ते बी खरंच हाय."

मी बोअरचं सांगितलं. तोडणारे धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी येणार, हेही सांगितलं. तेव्हा त्यांनी तार खाली ठेवली. दुसरा खडा टाकायला हवा, हे आम्हा दोघांनाही कळत होतं आणि तो कोणी टाकायचा हा प्रश्न होता. मी टाकला असता तर वडिलांनी टोपण लावून कुलूप घातलं असतं. चाचा म्हणाले, "मोटार म्या घेतोय ना? मग गिऱ्हाईक हाय मी. गिऱ्हाइकानं बघितलंच पायजे."

धुळवडीच्या दिवशी सकाळी ते आले. तोपर्यंत एक गोष्ट झाली होती. लाकूडवाल्यांनी आदल्या दिवशी येऊन लाकडाचा अंदाज घ्यायला म्हणून उताराकडची एक ओळ तोडली होती. झाडं आडवी पडलेली, पानं अजून हिरवी.

चाचांनी शेडमधली मोटार उलटीपालटी करून पाहिली, नाक मुरडलं आणि म्हणाले, ही गाळात चालली का कोरड्यावर, ते बोअर बघितल्याशिवाय कळत नाही. गाळात चालली असेल तर आतलं सील गेलं असणार. वडील म्हणाले, मी ऐकलंय, कोरडा आहे. चाचांनी त्यांच्या खांद्यावर हात टाकून, तोंड समोर आणून, मोठ्यानं सांगितलं, "तू ऐकलं ते तुझ्यासाठी. माल मी घेतोय. चल बे."

दोघं बोअरपाशी पालथे झाले, एक पूर्वेकडून, एक पश्चिमेकडून. पाइपाचं तोंड वीतभर रुंद. त्यावर दोन डोकी टेकली, एक टोपीचं, एक उघडं. आई आणि मी लांब उभ्या राहिलो. इतक्या लांबून खड्याचा आवाज येत नाही, त्यामुळे मी चेहरे बघत होते.

चाचांनी खडा सोडला. दोघांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं चाचांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी डोळे उघडले आणि हळूच डोकं उचललं. वडिलांचे डोळे मिटलेलेच होते. त्यांनी एक हात वर धरला होता, गप राहा म्हणून. चाचा उठून बसले. वडील तसेच पडून होते, हात वर, कपाळाला आठी, लक्ष देऊन ऐकत. चाचांनी त्यांच्या पाठीला हात लावला.

"पानी हाय बे."

वडिलांनी डोळे उघडले. त्यांना राग आला नव्हता. ते नवलानं बघत होते.

"कुठं? खडा अजून पोचला न्हाई."

चाचांनी दुसरा खडा उचलला आणि वडिलांच्या हातात दिला. वडिलांनी तो स्वतः सोडला. या वेळी ते ऐकता ऐकता चाचांच्या तोंडाकडे बघत राहिले. चाचांनी बोट वर केलं तेव्हा वडील काहीच न ऐकता त्या बोटाकडे बघत होते. तिसरा खडा त्यांनी टाकला नाही.

आई घरातून नायलॉनची दोरी घेऊन आली. चाचांनी खिशातला एक जड नट तिच्या टोकाला बांधला. वडिलांनी दोरीला दर वावेवर एक अशा गाठी मारल्या. वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होतं तेवढं अंतर. दोरी त्यांनीच सोडली. नट तळाला टेकला तशी ती सैल पडली. वर ओढून घेतली तेव्हा खालच्या सात गाठी ओल्या होत्या. वडिलांनी ओल्या भागावरून अंगठा फिरवला, मग तो गालाला लावून पाहिला. उपसा बंद होता त्या महिन्यांत पाणी हळूहळू साचलं असावं.

मग ते प्रश्न विचारू लागले. कोणा फिटरनं दुसऱ्या पाळीच्या फिटरला विचारावेत तसे. आवाज कसा आला, बारीक का ठसठशीत? टकटक आधी किती वेळ ऐकू येत होती? तुला दोन्ही कानांनी आला का एकानं? चाचा उत्तरं देत होते. मला टकटक बी येत न्हाई, असं वडील मध्येच म्हणाले. शेवटी ते आईकडे वळले.

"कवापासून हाय हे?"

आई म्हणाली, "मी चुलीपासून बोलायचे अन तुम्ही भायेरनं हूं म्हणायचे. ते हूं बंद झालं तवापासून. मला वाटलं बोलायचं न्हाई तुमाला."

वडील दोरी गुंडाळत होते. ती गुंडाळून झाल्यावर त्यांनी मोटारसायकल काढली आणि लाकूडवाल्यांकडे गेले. फोनवर सांगता आलं असतं. त्यांनी फोन केला नाही. जाताना ते चाचांना एवढंच म्हणाले की मोटार विकायची नाही. चाचा म्हणाले, मला ठाऊक होतं, सणाच्या दिवशी फुकटची खेप झाली. मग ते पुरणपोळी खाऊन गेले.

पुढच्या आठवड्यात आम्ही बीडला कान तपासायला गेलो. काचेच्या एका लहान खोलीत वडिलांना बसवलं. डोक्यावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी काचेतून पाहत होते. सुरुवातीला ते भराभर दाबत होते. मग अंतर वाढत गेलं. मग ते बटण हातात धरून बसून राहिले, बोअरपाशी ऐकत होते तसेच, मन लावून.

तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आलेख दाखवला. रेघ डावीकडे जवळजवळ सपाट होती आणि उजवीकडे घसरत गेली होती. डावीकडे जाड, घुमणारे आवाज: इंजिन, ढोल, पुरुषांचं बोलणं. उजवीकडे बारीक, टोकदार आवाज: शिट्टी, पाखरं, बायकांचं आणि लहान मुलांचं बोलणं. वर्षानुवर्षं मोठ्या आवाजात काम केलेल्यांचे कान बहुतेक वेळा आलेखाच्या या उजव्या टोकाकडूनच जायला लागतात, त्या म्हणाल्या. त्यात वयाची भर पडते. माणसाला आवाज कमी झाल्यासारखं वाटत नाही. कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. मग लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, असं तो म्हणतो. गर्दीत त्याला जास्त अवघड जातं. टीव्ही मोठा होतो. सभेत तो शेजाऱ्याकडे बघून हात वर करतो. हे शेवटचं त्यांनी आपणहून सांगितलं. सभेचं आम्ही त्यांना काही बोललो नव्हतो.

वडिलांनी विचारलं की जे ऐकू येत नाही, ते येत नाही हे माणसाला कळत कसं नाही. त्यावर डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं, आज सकाळपासून तुम्ही कोणकोणते आवाज ऐकले नाहीत ते सांगा. वडील विचार करू लागले आणि मग हसले. एवढ्या दिवसांत ते पहिल्यांदा हसले.

त्यांचा दुसरा प्रश्न होता, यंत्र घातलं तर पाणी ऐकू येईल का? बोलणं पुष्कळ सुधारेल, बाईंनी सांगितलं. इतक्या खोलवरच्या खड्याचं सांगता येणार नाही.

वडिलांनी यंत्र घेतलं. पहिला दिवस त्यांनी टोपी कानाला घासल्याचा आवाज होतो अशी तक्रार केली. दुसऱ्या दिवशी पिंपळाची पानं एवढी वाजतात का, असं आईला विचारलं. शेतात ते यंत्र घालत नाहीत, घामानं बिघडतं म्हणून काढून डबीत ठेवतात. कुकर लावताना आई त्यांना आता शिट्ट्या सांगत नाही, घड्याळातली वेळ सांगते. दूध संस्थेच्या पुढच्या सभेत त्यांनी ठराव दोनदा वाचायला लावला. चाऱ्याची गाडी गोठ्याजवळच उतरत राहिली. मंजूर ठराव बदलायला वर्षभर थांबावं लागतं, असं सचिवांनी नियम काढून दाखवलं.

ज्या दोघांच्या बोअरला त्यांनी त्या हिवाळ्यात कान लावला होता, त्यांच्याकडे ते दोरी घेऊन स्वतः गेले. काय झालं ते सांगितलं आणि पुन्हा बघू द्या म्हणाले. दोन्ही ठिकाणी दोरी कोरडी आली.

मोटार चैत्रात पुन्हा बोअरमध्ये सोडली. चाचा चार माणसं आणि घोडी घेऊन आले. पाणी थोडं होतं. एक दिवसाआड थोडा वेळ मोटार चालवून नळ्यांनी थेंब थेंब झाडांना दिलं. मृगापर्यंत बागेतली काही झाडं वाळली, बाकीची राहिली. तोडलेल्या ओळीच्या जागी अजून काही लावलेलं नाही.

दोरी बोअरच्या टोपणाला बांधलेली असते. गेल्या सोमवारी दुपारी मला कार्यालयात फोन आला. वडिलांनी सांगितलं की दोरी खालून नवव्या गाठीपर्यंत ओली आली. मी विचारलं, यंत्र घातलंय का? ते म्हणाले, घातलंय. मग त्यांनी फोन आईकडे दिला.